खड्ड्याचं तोंड

तिसऱ्या माणसाच्या खालच्या जबड्यावरची मातीची खपली ओल्या कुंचल्यानं सोडवताना निल्मिणीला दाढेवर एक राखाडी चमक दिसली. अभ्रकाचा कण असेल, तिला वाटलं. त्या डोंगराच्या मातीत अभ्रक हवं तेवढं. तिनं कुंचला पुन्हा फिरवला. चमक जागची हलली नाही. उलट तिला कडा आल्या, आणि दाढेच्या मधोमध, चावायच्या जागी, नीट कोरून भरलेला एक मळकट ठिपका उघडा पडला. बारा हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं दाढेत चांदी भरून घेतली होती. हे वाक्य तिच्या मनात इतकं सरळ आलं, की तिला हसू फुटायचंच बाकी राहिलं. खिडकीबाहेर कोलंबोची दुपार नेहमीसारखी चालली होती. लॉटरीवाल्याचा भोंगा, बसच्या कंडक्टरनं एका दमात म्हटलेली गावांची नावं, कुठंतरी नारळ फोडल्याचा आवाज. तिची जीभ आपोआप स्वतःच्या खालच्या दाढेकडे गेली आणि तिथल्या गुळगुळीत खळग्यावर थांबली. तिथंही अशीच चांदी होती. तिनं कापसाचा बोळा घेतला आणि समोरच्या दाढेवर अलगद ठेवला, ती ठणकत असल्यासारखा.

मोरागलच्या गुहेतून या पाच जणांना मागच्या उन्हाळ्यात कोलंबोला आणलं होतं, मातीसकट प्लास्टरमध्ये बांधून, लॉरीत गवताच्या गादीवर निजवून. वर्तमानपत्रांनी त्यांना तेव्हाच डोक्यावर घेतलं. आपले पूर्वज, बेटावरचे पहिले गावकरी, असले मथळे. मुटकुळी करून झोपवलेली पाच माणसं, हात पाठीमागे घेतलेले, मनगटांवर लाल गेरूचे पट्टे, आणि भोवती गारगोटीची इवलीशी पाती, गोगलगायींची कवचं, रानफणसाच्या जळक्या बिया. प्राध्यापक समरकोन यांनी त्या गेरूवर आणि त्या हातांवर एक अख्खं व्याख्यान दिलं होतं. मेलेल्यानं परत येऊन जिवंतांना धरू नये म्हणून त्याचे हात मागे घेत असावेत, असं ते म्हणाले होते आणि सभागृहातल्या बायकांच्या अंगावर काटा आला होता. निल्मिणी तेव्हा पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होती. हाडं तिची, थर सरांचे, अशी त्यांची जुनी वाटणी होती.

खड्ड्याचं तोंड शोधा, हे सरांनीच तिला शिकवलेलं. खड्डा जिथं संपतो त्या काळाचा नसतो, जिथून खणायला घेतला त्या काळाचा असतो. तळाला काय आहे ते मागाहून बघा, आधी वर बघा. मोरागलला मात्र वर काही उरलंच नव्हतं. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या गुहेतली वटवाघळांच्या लेंड्यांची काळी माती पोती भरभरून मिरच्यांना आणि सुपारीला न्यायचे. वरचे सगळे थर खरवडले गेले होते आणि राहिली होती ती खालची जुनी जमीन, तिच्यात ही पाच माणसं. ज्यानं कुणी खड्डा खणला त्यानं तो त्याच जुन्या मातीनं बुजवला, म्हणून आत गारगोटीची पाती. कोळशाची तारीख काढली, ती बारा हजार वर्षांची निघाली. हाडांची कुणी काढली नाही. काढावी असं वाटलंच नाही, तिलाही नाही. या बेटावर गुहेत हाड सापडलं की ते जुनंच, अशी त्यांच्या साऱ्या पिढीची खात्री होती. खात्री कसली, सोय होती. तिनं चौथ्या माणसाच्या मनगटाजवळची चिमूटभर लाल माती कागदावर घेतली आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. गेरू असा चुंबकाला दाद देत नाही. या मातीतले कण उठले आणि चुंबकामागून चालायला लागले. तार, ती मनाशी म्हणाली. ओल्या काळ्या मातीत गंजून गंजून तारेचं एवढंच उरलं होतं.

"काय गं, भात खाल्लास की या पाचांबरोबर उपास?" समरकोन सर दारातून बोलतच आत आले. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, सदा घाम पुसणारा माणूस. "तिसऱ्याचं तोंड उघडलंस का? मंत्र्यांच्या माणसाला फोटो हवाय. म्हणतो, हसरा बघून द्या. म्हटलं, बाबा रे, बारा हजार वर्षं तो हसतोच आहे."

निल्मिणी टेबलाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. "सर, त्या खड्ड्याचं तोंड..."

"मिरच्यांनी खाल्लं. किती वेळा सांगू?" ते म्हणाले आणि थबकले. तिच्या हातात अजून चुंबक होता, त्याला लाल दाढी फुटली होती. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला, अंगठ्यानं पुसला, अंगठा रुमालाला पुसला आणि चुंबक तिला परत दिला. "पाण्याबरोबर लोखंड वाहत येतं कधीकधी."

"येतं."

"निल्मिणी, मी तरुणपणी वरचेच थर खणायचो. डचांच्या वखारी, जुन्या विहिरी. त्या वर्षी एका विहिरीपाशी आम्हाला सांगितलं, पुढं खणू नका. तेव्हापासून मी खाली खाली गेलो. खाली बरं असतं. तिथं कुणाचे नातेवाईक येत नाहीत." ते दारापर्यंत गेले आणि एकदम आवाज बदलून म्हणाले, "तुझी अम्मा या पाचांच्या नावानं भिक्खूंना जेवू घालतेय ना, त्या दानाला येतोय बरं मी. पांढरा सारोंग इस्त्रीला टाकलाय. हात आखडता घेऊ नका म्हणावं, आम्ही भुकेले लोक."

त्या वर्षी, असंच सगळे म्हणत. सरकारी माणसांनी घराघरांतून तरुण पोरं उचलून नेली, ते साल कुणी उच्चारत नसे. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तरी निल्मिणीला बाहेरचं काही दिसत नव्हतं, जीभ पुन्हा पुन्हा दाढेवर जात होती. शाळेत दात बघायला पांढऱ्या साडीतली एक बाई यायची. हॉलमध्ये खुर्ची मांडायची आणि वर्गावर्गांतून पोरांना रांगेत उभं करायची. पायानं चालवायचं ते यंत्र घरघरायला लागलं, की रांगेच्या शेवटापर्यंत पोरं रडायला लागायची. निल्मिणीचं झालं आणि मग तिला तिथंच थांबवून घेतलं, कारण सुजीव, तिचा धाकटा भाऊ, तिचा मल्ली, अक्का असेल तरच तोंड उघडीन म्हणून अडून बसला होता. तिनं त्याचा हात धरला होता. त्यानं बाईचं बोट चावलं, मग निल्मिणीचं चावलं, आणि शेवटी एक दाढ भरून झाली. घरी येताना तो सगळा वेळ गालाला हात लावून चालत होता. कुठला गाल? ती त्याच्या कुठल्या बाजूनं चालत होती? उजवीकडे गटार होतं, म्हणजे ती उजवीकडे असणार, म्हणजे तिला दिसणारा गाल डावा नव्हे, उजवा. पण मग कधी वाटे, गटार शाळेत जातानाच्या उजवीकडे होतं, येताना ते डावीकडे. हाडांच्या डाव्या-उजव्यात तिची आयुष्यात कधी चूक झाली नव्हती, आणि आता सख्ख्या भावाचा गाल तिला आठवत नव्हता. टेबलावरची दाढ डावी होती. तशी त्या बाईनं किती पोरांच्या दाढा भरल्या असतील. त्या वर्षी घराबाहेर गेलेल्या बहुतेक साऱ्या पोरांच्या तोंडात तिची नाहीतर तिच्यासारख्या दुसरीची चांदी होती. हे आठवलं की तिला क्षणभर हायसं वाटे, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटे. अम्माला विचारलं असतं तर तिनं झटक्यात सांगितलं असतं, डावी की उजवी. पण अम्माला ते विचारायचं कसं?

घराच्या पुढच्या दाराला कडी नव्हती. म्हणजे होती, पण सुजीव गेल्यापासून कुणी ती लावली नव्हती. तो जेवायला बसला असताना ते आले होते, बिननंबरच्या गाडीतून, साध्या कपड्यांत. दोन प्रश्न विचारायचेत, लगेच आणून सोडतो, असं म्हणाले. हात धुऊन येतो, असं सुजीव म्हणाला आणि त्यांनी त्याला हात धुऊ दिले. अम्मानं मागच्या अंगणात त्याच्या हातावर पाणी घातलं होतं. एवढ्याच गोष्टीवर अम्मा आजवर उभी होती. हात धुऊ देणारी माणसं मारत नाहीत, असं ती म्हणे, शेजाऱ्यांना, साहेबांना, लष्करी छावणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांना, आणि मागाहून कुणी ऐकेनासं झालं तेव्हा मांजराला. ती नदीकाठांवर फिरली होती, पुलांखाली वाकून पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी, नाही, हा आपला नाही, असं म्हणत उजळ चेहऱ्यानं घरी आली होती. रोज त्याचं ताट वाढलं जायचं. भात, डाळ, वांग्याचं आंबटगोड मोजू, वर झाकण. सकाळी ते कावळ्यांना जायचं. दर पौर्णिमेला ती विहारात जाऊन बोधिवृक्षाला घागरीनं पाणी घाली, त्याच्या आयुष्यासाठी, कारण झाडाचं पाणी जिवंत माणसासाठी असतं. मेलेल्याचं पाणी वेगळं. ते दानाच्या दिवशी, भिक्खूंच्या समोर, घरच्यांनी मिळून सुरईनं पेल्यात ओतायचं, धार न तुटू देता, पेला भरून वाहीपर्यंत, तेव्हा पुण्य पोचतं. वडील वारले तेव्हा अम्मानं त्यांचं सातव्या दिवसाचं केलं, तीन महिन्यांचं, वर्षाचं, सगळं. सुजीवचं दान म्हणून कुणी शब्द काढला तर त्याला मात्र ती पुन्हा घरात घेत नसे.

आणि आता दान होतं ते या पाच जणांचं. अम्मानं वर्तमानपत्रातला फोटो पाहिला, चष्मा लावून, मग भिंग घेऊन, आणि म्हणाली, "बिचारी. कशी एकमेकांना चिकटून पडलीत. यांना कुणी पाणी दिलं का गं?" निल्मिणी म्हणाली, तेव्हा बुद्धच झाला नव्हता, भिक्खू कुठले. "म्हणजे इतकी वर्षं कोरडीच?" असं अम्मा म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी जाऊन विहारातल्या मोठ्या हामुदुरुंना, थोरल्या भिक्खूंना, आमंत्रण देऊन आली. हडकलेली, ऐंशीला टेकलेली बाई रिक्षा करून एकटी गेली होती.

त्या संध्याकाळी निल्मिणी घरात शिरली तेव्हा अम्मा ओट्याशी फणस चिरत बसली होती, हाताला खोबरेल तेल चोपडून.

"लोकू, ये. बरी आलीस," ती म्हणाली. निल्मिणी थोरली, म्हणून लोकू. "ती तुझी माणसं काय काय खायची म्हणालीस?"

"रानफणस. रानकेळी. गोगलगायी. माकडं."

"माकड? हामुदुरुंच्या पात्रात माकड वाढू?" अम्मा हसली, खांदे हलेपर्यंत. "फणस करते. गोगलगायीऐवजी अळंबी. दिसायला तशीच. मेलेल्याच्या आवडीचं असलं म्हणजे झालं."

निल्मिणीनं चहा ओतून घेतला. मग पाठ वळवूनच म्हणाली, "थोडं वांग्याचं मोजू पण कर."

विळीवरचा आवाज थांबला. "ते कशाला?"

"चांगलं लागतं."

"ते मल्लीचं आहे," अम्मा म्हणाली. "त्याच्या ताटातलं मेलेल्यांच्या पंगतीत नाही ठेवायचं. एवढं शिकलीस, पण तुला मेलं काही कळत नाही."

मोजूचं निल्मिणीनं मुद्दामच काढलं होतं, आणि आपण काय करतो आहोत हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. प्रयोगशाळेत कापसाचा बोळा ठेवला तेव्हाच तो विचार मनात येऊन बसला होता. बोलायचं नाही. दान होऊ द्यायचं. अम्मा आपल्या हातानं पेला भरील, धार तुटणार नाही, पुण्य पोचायचं तिथं पोचेल. मल्ली त्या पाचांत असो वा नसो, त्या वर्षी गेलेल्या पोरांना एकदा तरी कुणाच्या आईच्या हातचं पाणी मिळेल. अम्माला कळणारही नाही, तिचं ताट रोज वाढलं जाईल, तिची कडी उघडीच राहील. त्यानंतर सरांना सांगायचं, जगाला सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे. तिला हे इतकं सोयीचं वाटलं, की ती पुढचे दिवस जवळजवळ सुखात होती. कामावर गेली की बोळा उचलून दाढ पाही आणि पुन्हा झाकून ठेवी. फोटोवाल्याला तिनं पहिल्या माणसाचा चेहरा दिला. सर आणि ती, दोघंही मूग गिळून एकमेकांना चहा विचारत राहिली. कधी मात्र एकदम, रस्ता ओलांडताना किंवा दुकानात नारळ हलवून बघताना, तिच्या मनात यायचं की आपण अम्माकडून तिच्या मुलाला मारून घेणार आहोत, तिच्याच हातानं, आणि तिला आभार मानायला लावणार आहोत. मग ती नारळ ठेवून द्यायची.

दानाच्या दिवशी सकाळीच गल्लीतल्या बायका पांढऱ्या कपड्यांत आल्या. पाटांवर पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या, भिक्खू ओळीनं बसले, पात्रांत भात पडला, फणस पडला, अळंबी पडली. समरकोन सर खरंच इस्त्रीच्या सारोंगमध्ये आले होते आणि कोपऱ्यात चटईवर अवघडून बसले होते. जेवणं झाली. मोठ्या हामुदुरुंनी घसा साफ केला आणि विचारलं, "नाव काय घ्यायचं?"

"नावं माहीत नाहीत, हामुदुरुवने," अम्मा म्हणाली. "जुनी माणसं आहेत. फार जुनी. त्यांचं कुणी नाही."

"हरकत नाही. कुणी नसलेल्यांनाही पोचतं," ते म्हणाले. पठण सुरू झालं.

अम्मानं सुरई उचलली. ताटलीत पितळी पेला ठेवलेला. सुरईला घरच्या सगळ्यांनी हात लावायचा, आणि घरचं म्हणजे निल्मिणीच. तिनं अम्माच्या हातावर हात ठेवला. तो हात थंड होता, फणसाच्या चिकाचे काळे डाग अजून बोटांवर होते. पाणी पेल्याच्या तळाशी पडलं, आधी वाजलं, मग वाजेनासं झालं. बारीक, अखंड धार. होतंय, निल्मिणीला वाटलं, होऊन जाईल. तिनं डोळे मिटले. मागच्या अंगणात धरलेले दोन हात तिला दिसले, त्यांवर पडणारं पाणी, बोटांवरून निघालेली डाळ. आणि तेव्हाच तिला कानाशी अम्माचं पुटपुटणं ऐकू आलं.

"ज्यांचं कुणी नाही त्यांना पोचो," अम्मा म्हणत होती. "आणि या पुण्याईनं माझ्या सुजीवला मोठं आयुष्य मिळो. जिथं असेल तिथं मोठं आयुष्य मिळो."

निल्मिणीचा हात सुटला.

"धर ना," अम्मा कुजबुजली. "धार तुटेल."

"अम्मा, ही जुनी माणसं नाहीत."

पठणातला एक आवाज अडखळला, बाकीचे चालू राहिले, मग तेही थांबले. अम्मानं सुरई कलती होती ती सरळ केली. पेला अर्ध्यावर आला होता. मागे कुणीतरी पदर तोंडाला लावला. समरकोन सरांनी मान खाली घातली, ती पुन्हा वर केली नाही.

"त्या वर्षीची आहेत," निल्मिणी म्हणाली. आपला आवाज एवढा साधा कसा निघतोय याचं तिला आश्चर्य वाटलं. "एकाच्या दाढेत चांदी भरलेली आहे. मनगटांना तार होती. गेरू नव्हता तो."

अम्मानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती पेल्यातल्या पाण्याकडे पाहत होती. आता ती विचारील, कुठली दाढ, डावी की उजवी. निल्मिणीनं उत्तर तयार ठेवलं. पण अम्मानं ते विचारलं नाही.

"सगळी पोरंच?" ती म्हणाली.

"हो. सगळी विशीच्या आतबाहेरची."

"किती म्हणालीस? पाच?"

"पाच."

बाहेर रस्त्यावर पाववाल्याची रिक्षा आपलं गाणं वाजवत आली आणि गेली. मग अम्मानं पदरानं सुरईचं तोंड पुसलं, दोन्ही हातांनी ती धरली आणि मोठ्या हामुदुरुंकडे पाहून म्हणाली, "सुरू करा, हामुदुरुवने. चौघांचं ओतते."

हामुदुरु तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि पठण पुन्हा सुरू केलं. निल्मिणीनं हात पुढे केला, अम्मानं तो कोपरानं बाजूला सारला आणि एकटीनंच सुरई कलती केली. तिच्या मनगटाच्या शिरा ताणल्या होत्या, पण धार हलत नव्हती. पाणी वर चढलं, पेल्याच्या काठाला आलं, काठावर फुगून थरथरलं. सगळे ते ताटलीत ओघळायची वाट पाहत होते. पाचव्याचं पाणी आत तसंच ठेवून अम्मानं सुरई उभी केली आणि खाली ठेवली. ताटली कोरडी राहिली.